शरणागताचे रक्षण आणि गृहातील हिंसा

अहिंसा हा आपल्या पंथाच्या आचारधर्माचा पाया होय, याविषयी पंथीयांत दुमत असण्याचे कारण नाही. पाऊल टाकताना मुंगी चिरडू नये म्हणून जपणारा भिक्षू, आणि कुळाच्या चालीने चालत आलेला पशुबळी उपदेश घेतल्या दिवसापासून सोडून देणारा वासनिक, ही दोन्ही चित्रे आपल्या नित्य परिचयाची आहेत. परंतु जो हात मुंगीला जपतो तोच हात सायंकाळी घरी पत्नीवर उगारला जात असेल, तर त्या अहिंसेचे मोल काय? आणि तो हात उगारला जातो हे ज्यास कळले आहे, त्या भिक्षूचे, त्या शेजाऱ्याचे, त्या आप्ताचे कर्तव्य काय?

यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास शास्त्राचे फार परिशीलन लागत नाही. ती हिंसाच होय, असे कोणीही सांगेल. दुसरा प्रश्न मात्र कठीण आहे, कारण त्यात हिंसा करणाऱ्याचा नव्हे, तर ती पाहून सन्मार्गाचा उपदेश करणाऱ्याचा विचार करावयाचा आहे. प्रस्तुत लेखक या दुसऱ्या प्रश्नात स्वतः चुकलेला आहे. ती चूक प्रथम सांगणे उचित होईल.

गोरेगावच्या पूर्वेस आरे कॉलनी आहे. मुंबई शहरातील म्हशींचे गोठे बाहेर न्यावेत आणि नगरवासीयांना शुद्ध दूध मिळावे या हेतूने १९४९ साली ही दुग्धवसाहत स्थापन झाली. गोठे, गवताची कुरणे, कर्मचाऱ्यांची घरे, आणि या सर्वांच्या आधीपासून तेथे नांदणाऱ्या वारली, कोकणा, मल्हार कोळी इत्यादी आदिवासींचे २७ पाडे, असा तो परिसर आहे. तेथील एका उपदेशी कुटुंबाच्या घरी काही वर्षांपूर्वी दर पंधरवड्यास माझे निरूपण होत असे. श्रोत्यांत शेजारच्या घरातील एक सून येई. एके दिवशी निरूपण संपल्यावर ती मागे थांबली. पदर थोडा बाजूला करून तिने दंडावरचे काळेनिळे वळ दाखविले आणि विचारले, “बाबा, माझा हा भोग आणखी किती दिवसांचा?”

मी म्हणालो, “बाई, भोग भोगूनच संपतो. सहन करा. नामस्मरण सोडू नका.” तिने दंडवत घातले आणि ती निघून गेली. आपण तिला शास्त्राला धरून आधार दिला, असे मला त्या वेळी प्रामाणिकपणे वाटले.

पुढच्या दोन निरूपणांस ती आली नाही. तिसऱ्या वेळी मला वृत्त कळले. तिच्या मनगटाचे हाड मोडले होते. दवाखान्यात तिने न्हाणीत पाय घसरल्याचे सांगितले होते. हे मला ज्या वृद्धेने सांगितले, ती जवळच्या पाड्यावरची वारली बाई. पंथाशी तिचा काही संबंध नाही, अक्षरओळखही नाही. त्या रात्री ती सून घरातून पळाली ती या वृद्धेच्या झोपडीत शिरली. आरे कॉलनीत बिबट्यांचा वावर आहे. २०२१ साली तर माणसांवर एकामागून एक हल्ले झाले. तिन्हीसांजेनंतर तेथे माणसे एकटी बाहेर पडत नाहीत. अशा ठिकाणी एक स्त्री रात्री अंधाऱ्या पायवाटेने धावत सुटली, याचा अर्थ इतकाच की तिला बिबट्याहून घराचे भय अधिक वाटले. मागोमाग तिचा पती आला. ‘माझी बायको आहे, बाहेर काढा,’ म्हणून त्याने दार ठोठावले. वृद्धेने दार उघडले नाही. आतूनच म्हणाली, “माझ्या दारात आली, आता ती माझी आहे. सकाळी चार माणसे घेऊन ये.”

इतके सांगून ती वृद्धा थोडी थांबली आणि म्हणाली, “बाबा, राग मानू नका. मारताना तो तिला म्हणत होता, तुझ्या बाबांनीसुद्धा तुला सहनच करायला सांगितलेय ना!”

वाचकहो, उपदेशकाच्या मुखातून निघालेले वाक्य मारणाऱ्याच्या हातातील काठी व्हावे, याहून मोठी विटंबना कोणती? त्या दिवशी परतताना मला लीळाचरित्रातील एक लीळा आठवली. ती आठवण म्हणजेच या लेखाचे बीज.

ससा आणि पारधी यांची ती लीळा आपणांपैकी प्रत्येकाने लहानपणापासून ऐकली आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी बसले असता पारध्यांनी पिटाळलेला ससा जीव घेऊन धावत आला आणि स्वामींच्या मांडीखाली शिरला. मागोमाग पारधी आले. तो ससा आपल्या पैजेचा आहे, तो आम्हांस द्यावा, अशी त्यांची मागणी. तो शरण आलेला आहे म्हणून स्वामींनी तो दिला नाही, पारध्यांशी शांतपणे बोलून त्यांना त्यांच्या कर्माचे स्वरूप दाखविले, ससा वाचला.

ही लीळा आपण प्राणिमात्रावरील दयेचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु स्वामींनी काय केले याबरोबरच काय केले नाही, याचाही विचार करावा. सशाचे पूर्वकर्म काय होते, याची चौकशी त्यांनी केली नाही. हा तुझा भोग आहे, तो भोगून ये, असे त्यास सांगितले नाही. हा पारधी आणि ससा यांच्यामधला व्यवहार आहे, त्यात आम्हांस काय, असेही म्हटले नाही. पैजेचा असल्यामुळे ससा आमचा, हा पारध्यांचा मालकीचा दावा त्यांनी मान्य केला नाही. आणि पारध्यांनाही शाप दिला नाही, शस्त्र उचलले नाही. प्रथम आसरा, मग बोध. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आरेच्या पाड्यावरील त्या निरक्षर वृद्धेने, लीळा न ऐकता, हाच क्रम आचरला होता. मी लीळा तोंडपाठ असून तो मोडला होता.

आता या विचारावर जे पूर्वपक्ष संभवतात, त्यांचा परामर्श घेऊ.

पहिला पूर्वपक्ष कर्मसिद्धांताचा. दुःख हे पूर्वकर्माचे फळ असेल तर स्त्रीने ते सोसणेच इष्ट, आणि तिला सोडवू जाणारा कर्माच्या गतीत अडथळा आणतो, असे कोणी म्हणतात. समाधान असे की, फळ देणे हा जीवाचा अधिकारच नव्हे. आपल्या शास्त्रात जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ पृथक् मानले आहेत, ते यासाठीच की एकाचे कार्य दुसऱ्याने आपल्याकडे घेऊ नये. पती हा जीव आहे. तो पत्नीला तिच्या कर्माचे फळ देत नसतो. तो स्वतःच्या खाती नवे हिंसाकर्म जोडत असतो. शिवाय, घराला आग लागली असता ‘हे माझे प्रारब्ध’ म्हणून कोणी विस्तवात बसून राहत नाही, ताप आला असता वैद्याकडे जाण्यास कोणी कचरत नाही. मग कर्मसिद्धांताची आठवण नेमकी पत्नीच्या अंगावरचे वळ पाहतानाच का व्हावी? जे तत्त्व केवळ दुबळ्याच्या दुःखापुरतेच स्मरते, ते तत्त्व नसून सबब होय.

दुसरा पूर्वपक्ष सहिष्णुतेचा. क्षमा व तितिक्षा हे साधकाचे गुण. भिक्षूही अपमान सोसतो. मग स्त्रीला सोसण्याचा उपदेश केला तर काय बिघडले? येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत आहे. भिक्षूने स्वीकारलेले क्लेश हे त्याने जाणून, स्वेच्छेने, गुरूसमोर घेतलेले व्रत असते. ज्या क्लेशातून निघण्याची वाटच बंद आहे, त्यास तप म्हणता येत नाही. क्षमा ही समर्थाची असते. भयाने मिटलेल्या तोंडास क्षमा हे नाव देणे म्हणजे शब्दाची चोरी करणे होय. आणि तितिक्षा हा साधकमात्राचा गुण असेल, तर तिचा उपदेश प्रथम त्या पतीलाच का करू नये, ज्यास भाजीत मीठ कमी पडल्याचेही सहन होत नाही?

तिसरा पूर्वपक्ष अधिकारभेदाचा. तो उघडपणे कोणी मांडत नाही, परंतु मनात खोल रुजलेला असतो: पत्नी ही पतीच्या आधीन, तिला वळण लावणे हा त्याचा अधिकार. यास उत्तर देण्यासाठी आपणांस परक्या ग्रंथांकडे जाण्याची आवश्यकताच नाही. पुरुषाला जीव आहे आणि स्त्रीला काय एखादा धाकटा जीव आहे, असा मर्मभेदक प्रश्न स्वामींनी तेराव्या शतकात विचारला होता. जीव हा बद्धमुक्त आहे, म्हणजे आज बद्ध असला तरी मुक्तीस पात्र आहे; या पात्रतेत स्त्रीपुरुष हा भेद नाही. म्हणूनच बाइसा, महदाइसा, उमाइसा यांसारख्या स्त्रिया स्वामींच्या सन्निधानात होत्या. बालवयात वैधव्य आलेल्या महदाइसांनी पुढे ‘धवळे’ रचले आणि मराठीच्या आद्य कवयित्री म्हणून त्या मान्यता पावल्या. ऋद्धिपुरात श्रीगोविंदप्रभूंना लोक माय आणि बाप अशा दोन्ही नात्यांनी संबोधीत, हेही आपण जाणतोच. ज्या पंथाची परंपरा अशी, त्या पंथाच्या घरात स्त्रीने भीतीने श्वास रोखून वावरावे, हा केवळ घरगुती दोष नाही. तो शास्त्राचा अवमान आहे.

याच संदर्भात आणखी एक लीळा विचारार्ह आहे. भडोच येथे हरिपाळदेव या नात्याने असताना द्यूतात हरलेले द्रव्य फेडण्यासाठी स्वामींनी पत्नी कमळाइसा यांच्याकडे अलंकार मागितले. त्यांनी ते दिले नाहीत. पुढे वडिलांनी ते ऋण फेडले, आणि या प्रसंगाने स्वामींचे चित्त प्रपंचातून उठले. ही लीळा आपण सामान्यतः प्रपंचातील प्रेमाचा पोकळपणा दाखविण्यासाठी वाचतो. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. प्रधानाचा पुत्र, घरातील सत्ता हाती, मागणी निकडीची. तरी पत्नीने ‘नाही’ म्हटल्यावर त्या नकाराला मान दिला गेला. अलंकार हिसकावले गेले नाहीत, हात उगारला गेला नाही. आज आपल्या किती घरांत पत्नीच्या ‘नाही’ला असा मान आहे, याचा प्रत्येकाने आपल्याशीच विचार करावा. तिचे दागिने दारूसाठी वा कर्जासाठी ओढून घेणे, तिची मजुरी पगाराच्या दिवशीच काढून घेणे, तिला माहेरी वा आश्रमात जाण्यास बंदी करणे, उठता-बसता तिच्या आईबापांचा उद्धार करणे, ही सर्व हिंसाच होय. कायिक, वाचिक व मानसिक असे हिंसेचे प्रकार आपण निरूपणात मोजतो. ते घराच्या चार भिंतींनाही लागू आहेत. ज्या स्त्रीचे सारे चित्त ‘आज तो कसा येईल’ या भयात गुंतले आहे, तिच्याकडून नामस्मरणाचा अवकाशच हिरावून घेतलेला असतो. मुक्तीस पात्र अशा जीवाला स्मरणापासून तोडणे, ही हिंसा शरीराच्या जखमेहूनही खोल जाते.

चौथा पूर्वपक्ष भिक्षूच्या निवृत्तीचा. गृहस्थांच्या भानगडीत संन्याशाने पडू नये, हे म्हणणे सर्वसाधारणपणे खरे आहे. परंतु मी ‘सहन करा’ असे म्हणालो, तेव्हा मी त्या घराच्या व्यवहारात पडलो नव्हतो काय? मौन पाळले असते तर एकवेळ ती निवृत्ती ठरली असती. मी बोललो, आणि एका बाजूने बोललो. उपदेशकाचे तटस्थ वाटणारे वचन प्रायः बलिष्ठाच्या पदरात पडते. आणि मौनाचेही तसेच आहे. द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा ज्ञानी वृद्ध गप्प राहिले. त्यांच्या ज्ञानाची कीर्ती त्या मौनाने वाढली नाही. स्वामी निवृत्तच होते. तरी मांडीखालचा ससा त्यांनी बाहेर ढकलला नाही. आसरा देणे म्हणजे प्रपंचात गुंतणे नव्हे.

पाचवा पूर्वपक्ष असा की, आता कायदे झाले आहेत, त्यांचा दुरुपयोगही होतो, खोट्या तक्रारी होतात. तेव्हा आपण कोणाचे खरे मानावे? काही तक्रारी खोट्या असू शकतात, हे नाकारण्याचे कारण नाही. म्हणूनच अशा प्रकरणांत पोलिसांनी सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बजावले. पण निवाडा देणे निराळे आणि आसरा देणे निराळे. निवाडा न्यायालय देईल. रात्री दारात उभ्या असलेल्या स्त्रीला आत घेण्यासाठी निवाड्याची वाट पाहावी लागत नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर त्याची थोडी माहितीही पंथीयांस असावी. आरेच्या गोठ्यात काम करणारा गवळी म्हशीवर उगाच हात टाकत नाही. मारलेले जनावर पान्हा चोरते, हे त्यास ठाऊक असते. जनावरांशी क्रूरपणे वागण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० साली झाला. विवाहित स्त्रीला पतीने अगर सासरच्यांनी क्रूरपणे वागविणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून दंडसंहितेत ४९८-अ या कलमाने आला तो १९८३ साली, म्हणजे त्यानंतर २३ वर्षांनी. मारहाण हा गुन्हा पूर्वीही होताच. परंतु उंबरठ्याच्या आत घडणाऱ्या छळाला त्याच्या नावाने ओळखण्यास समाजाला इतका काळ लागला. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे. याशिवाय कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, तसेच आर्थिक छळाचा समावेश आहे. घर पतीच्या वा सासऱ्याच्या नावावर असले तरी स्त्रीला त्यात राहण्याचा हक्क आहे. आणि विशेष म्हणजे, हिंसा होत असल्याची खात्री वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यास कळवू शकते, सद्भावनेने दिलेल्या अशा माहितीबद्दल तिच्यावर कोणतेही दायित्व येत नाही. या ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांत शेजारी येतो, वासनिक येतो, आणि भिक्षूही येतो.

मुंबईत या कार्याच्या वाटाही तयार झालेल्या आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांच्या कार्यालयातच स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. वांद्रे येथील महापालिकेच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले. पुढे तशी केंद्रे इतर रुग्णालयांतही निघाली. ‘न्हाणीत पाय घसरला’ या वाक्यामागचे सत्य ओळखून त्या स्त्रीशी एकांतात बोलणे, हेच त्या केंद्रांचे काम. तातडीच्या प्रसंगी ११२ आणि स्त्रियांसाठी १८१ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. ते प्रत्येक आश्रमाच्या भिंतीवर लिहून ठेवण्यास काय हरकत आहे?

हे सारे शहरातले, शिकलेल्या बायकांचे खूळ आहे, असे कोणी म्हणेल. त्याने खानदेशाकडे पाहावे. १९७२ नंतरच्या काळात शहादे परिसरातील भिल्ल शेतमजूर स्त्रियांनी श्रमिक संघटनेच्या चळवळीत दारूविरुद्ध मोहीम उघडली, दारूची भांडी फोडली, आणि पत्नीला मारणाऱ्या पुरुषांना गावासमोर जाब विचारला. त्यांना कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. आरेच्या त्या वृद्धेलाही नव्हते.

तरीही हे काम किती बाकी आहे, ते २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावरून दिसते. काही कारणांनी पतीने पत्नीस मारणे योग्य आहे, असे मानणाऱ्यांचे प्रमाण देशात पुरुषांत सुमारे ४४ टक्के होते आणि स्त्रियांत सुमारे ४५ टक्के. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या अवघ्या १४ टक्के. मार खाणारीलाच तो मार योग्य वाटावा, हे कोणी शिकविले? आईने, सासूने, समाजाने, आणि माझ्यासारख्या उपदेशकाने. जे आम्ही शिकविले, ते आम्हीच पुसले पाहिजे.

म्हणून पंथबांधवांपुढे थोड्या सूचना ठेवतो. भिक्षूंनी व महंतांनी अशा स्त्रीला ‘सहन करा’ हे शब्द पुन्हा उच्चारू नयेत. प्रथम ‘तुम्ही सुरक्षित आहात का, मुले कोठे आहेत’ हे विचारावे, आणि तिची इच्छा जाणल्याशिवाय पतीला बोलावून समेट घडविण्याची घाई करू नये. कारण अशा समेटानंतर बंद दाराआड तिलाच त्याचे मोल द्यावे लागते. तिने सांगितलेली गोष्ट चारचौघांत उघड करू नये. तपस्विनींनी आपला आश्रम अशा स्त्रीला एका रात्रीसाठी तरी परका वाटू देऊ नये. वासनिकांनी शेजारच्या घरातून किंकाळी ऐकू आली असता दूरदर्शनचा आवाज वाढवू नये. निदान दाराची कडी वाजवावी. आणि उपदेश देताना मद्य, मांस व परधर्म यांच्या त्यागाबरोबर, घरातील कोणावरही हात उगारणार नाही, असे वचन पुरुषाकडून स्पष्ट शब्दांत घ्यावे. अहिंसेच्या व्रतात ते अंतर्भूत आहेच. परंतु जे अंतर्भूत असते ते विसरणे सोपे असते.

त्या सुनेकडे मी पुढे गेलो होतो. ती तेव्हा माहेरी भावाकडे राहत होती. मी तिला म्हणालो, “बाई, मी तुम्हांला चुकीचे सांगितले. ते माझे शब्द मी परत घेतो.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाबा, हे त्या दिवशी सांगितले असते तर!” एवढेच. तिच्या मनगटात अजून दुखते, ती जड भांडे डाव्या हाताने उचलते.

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही. ज्यांच्या दारात असा प्रश्न अद्याप यावयाचा आहे, त्यांनी तरी तो आल्या दिवशीच योग्य उत्तर द्यावे, यासाठी हा लेखनप्रपंच. न्यूनाधिक असेल ते सुज्ञांनी क्षमा करून दाखवून द्यावे.

दंडवत प्रणाम.